सोळा संघ, पंधरा सामने

सोळा शाळांची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा भरवली, तर विजेता ठरायला एकूण पंधरा सामने पुरतात. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात, दुसरीत आणखी चार. स्पर्धेला तोंड फुटतं न फुटतं तोच निम्म्या मुलांचा त्या वर्षाचा फुटबॉल संपलेला असतो. हेच सोळा संघ साखळी पद्धतीने एकमेकांशी एकेकदा खेळले, तर सामने होतात एकशे वीस, आणि सगळ्यात कच्च्या संघालाही पंधरा सामने मिळतात. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी आणि बहुतांशी बाद पद्धतीने होतात. सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एखाद्या शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ जिल्ह्याचा पहिलाच सामना हरला, तर त्याला पुढच्या शालेय सामन्यासाठी वर्षभर थांबावं लागतं, आणि तोवर त्यातली बरीच मुलं त्या वयोगटातून बाहेर पडलेली असतात. भारतीय फुटबॉल मागे का, या प्रश्नाला ‘आपल्याकडे चांगल्या अकादम्या नाहीत म्हणून’ असं एक ठरीव उत्तर मिळतं. ते अर्धवट आहे, आणि सांगलीसारख्या शहरापुरतं तर दिशाभूल करणारं आहे. अशा शहराची पहिली गरज अकादमी ही नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घराजवळ, दर आठवड्याला, आपल्या जोडीच्या मुलांशी खेळायला मिळणारा सामना ही आहे.

‘अकादमी’ हा शब्द आज फारच सैल झाला आहे. संध्याकाळी टर्फ भाड्याने घेऊन चालणारा दीड तासाचा वर्गही अकादमी, उन्हाळी सुट्टीतलं शिबिरही अकादमी, आणि राहणं-जेवण-शाळा-डॉक्टर सगळं पुरवणारी निवासी संस्थाही अकादमीच. या शब्दाभोवतीचं वलय आलं ते बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’मुळे. १९७९ मध्ये त्या क्लबने एका जुन्या शेतघरात बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय केली. २०१० च्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबासाठी जे तिघे अखेरच्या यादीत उरले, ते मेस्सी, इनिएस्ता आणि झावी हे तिघेही तिथेच घडलेले होते. जगाने ती इमारत पाहिली आणि तिची नक्कल सुरू केली. पण त्या इमारतीच्या दाराशी येणारी मुलं त्याआधीच गावोगावच्या क्लबांतून आठवड्याला एक सामना खेळत आलेली असतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अकादमीचं पहिलं काम निवडीचं आहे. हजारो खेळत्या मुलांतून ती वीस निवडते आणि त्यांना पैलू पाडते. खेळती मुलंच नसतील, तर निवड कशातून करायची? मग जो फी भरू शकतो तो निवडला जातो, आणि अकादमीचा शिकवणीवर्ग होतो.

सामन्यावर एवढा भर देण्याचं कारण खेळाच्या स्वभावातच आहे. फुटबॉलमध्ये चेंडू पायात आल्यावर काय करायचं यापेक्षा तो येण्याआधी काय पाहिलं, हे जास्त मोलाचं असतं. मान वळवून मोकळा सहकारी कुठे आहे, प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, पास द्यायचा की चेंडू घेऊन पळायचं, हा निर्णय निमिषात घ्यावा लागतो. शंकूंच्या रांगेतून चेंडू काढण्याचा सराव पायाला वळण लावतो, नजरेला नाही. नजर तयार होते ती अंगावर येणाऱ्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर. तोही सामना वयाला साजेसा हवा. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने या शतकाच्या सुरुवातीला आपली पद्धत बदलायला घेतली, तेव्हा लहान मुलांच्या सुमारे दीड हजार सामन्यांचं चित्रीकरण अभ्यासकांकडून तपासून घेतलं. मोठ्या मैदानावर, मोठ्या संघांतून खेळणारं लहान मूल अर्ध्या तासात चेंडूला जेमतेम दोनदा स्पर्श करतं, असं त्यात दिसलं. मग त्यांनी वय पाहून आधी पाच-पाच, पुढे आठ-आठ जणांचे सामने ठरवले आणि लहान गटांत गुणतक्त्याला महत्त्व देणं थांबवलं. तोच बेल्जियम २०१८ च्या विश्वचषकात तिसरा आला. यशाला कारणं अनेक असतात, पण मुलाच्या पायाला चेंडू लागलाच नाही तर पुढचं काही घडत नाही, एवढं तर कुणीही मान्य करील. आपल्याकडे मात्र दहा वर्षांच्या मुलांनाही अकरा-अकरा जणांत, मोठ्यांच्या गोलपोस्टसमोर उभं करण्याची सवय अजून सुटलेली नाही.

दुसरा मुद्दा वाढत्या शरीराचा. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या आसपास. हे सरासरीचं झालं. प्रत्यक्षात एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून पोरसवदा असतो. शरीराच्या वयात त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर सहज पडतं. या वयात स्पर्धा जिंकून देतो तो थोराड मुलगा, आणि ज्या प्रशिक्षकाला या वर्षीचं ढाल-चषक दाखवायचं आहे तो त्यालाच निवडतो. छोटा पण चलाख मुलगा बाकावर बसतो आणि दोन वर्षांत खेळ सोडतो. १ जानेवारीपासून वय मोजायचं ठरलं की वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी निवडक संघांत जास्त दिसते, हे युरोपातल्या अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. जन्मतारखेचा गुणवत्तेशी संबंध नसतो. नऊ-दहा महिन्यांनी मोठं असण्याचा फायदाच गुणवत्ता म्हणून मोजला जातो. हॅरी केनला आर्सेनलने लहानपणीच सोडलं, जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने. पुढे एक इंग्लंडचा कर्णधार झाला, दुसरा प्रीमियर लीगचा विजेता. दोघे टिकले, कारण एका दारातून बाहेर पडल्यावर खेळायला दुसरा क्लब होता, दुसरी लीग होती. विश्रामबागेतल्या मुलाला एका अकादमीने नाकारलं तर त्याच्यापुढे दुसरं दार नसतं. आपल्याकडे यात वयचोरीची भर पडते. ती पकडण्यासाठी मनगटाच्या हाडांची चाचणी करावी लागते, यातच सगळं आलं. स्पर्धेचं प्रमाणपत्र, त्यावर मिळणारे दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, असं सगळंच एकदोन सामन्यांच्या निकालावर टांगलेलं असलं, की वय लपवण्याचा मोह वाढणारच.

यावरचा उपाय शोधायला युरोपात जायचीही गरज नाही. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात तो कुस्तीने कधीच शोधून ठेवला आहे. जत्रेतल्या मैदानात सुरुवातीला पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, आणि त्या लावताना वस्ताद जन्मदाखला मागत नाही. तो अंगापिंडाने आणि तयारीने बरोबरीची पोरं समोरासमोर उभी करतो. याला जोड लावणं म्हणतात. विजोड कुस्ती लावली तर पंचक्रोशी नावं ठेवते. पाश्चात्त्य क्रीडाशास्त्र आज मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गटांत घालून पाहतं आहे, आणि बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघच काढले. तत्त्व तेच आहे. दुसरी गोष्ट, मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पोचेस्तोवर पैलवान गावोगावच्या छोट्या मैदानांत असंख्य कुस्त्या खेळलेला असतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत पदकं आणली. त्यांच्या मागे व्यक्तिगत कष्ट होतेच, पण सातारा-सांगलीतली छोट्या मैदानांची ही दाट वीणही होती. फुटबॉलला याच मुलखात अशी वीण मिळालेली नाही.

सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूर हे या बाबतीत सर्वांत बोलकं उदाहरण आहे. महाराष्ट्रात फुटबॉलवर इतकं प्रेम करणारं दुसरं शहर नाही. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथे पेठेच्या इज्जतीची नावं आहेत. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या आधाराने शाहू स्टेडियमवर दरवर्षी वरिष्ठ गटाची साखळी होते. सामन्याला स्टेडियम भरतं, पेठांमधली ईर्षा कधी कधी हाणामारीपर्यंत जाते, विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सी-नेमार-रोनाल्डोचे उंच फलक लागतात. गडहिंग्लजसारखं तालुक्याचं गाव अखिल भारतीय स्पर्धा भरवतं. तरीही या शहराने भारतीय संघाला दिलेले खेळाडू मोजायला बोटं पुरतात. प्रेक्षक आहेत, क्लब आहेत, पैसा आहे, ईर्षा आहे, मग कमी काय? पेठेचा पैसा आणि लक्ष दोन्ही वरिष्ठ संघावर खर्च होतं. चषक जिंकण्यासाठी बाहेरून, अगदी नायजेरियातूनही खेळाडू आणले जातात. शाळांच्या स्पर्धांत महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी नाव कमावलं, पण दहा ते सोळा या वयातल्या मुलाला वर्षभर सामने देणारी, वयोगटांची सलग उतरंड वरिष्ठ साखळीच्या खाली त्याच इमानाने उभी राहिली नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव याचा प्रवास पाहिला तर हे स्पष्ट होतं. २००० साली जन्मलेला हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे जमशेदपूर आणि हैदराबादकडून तो इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. त्याच्याआधीचा निखिल कदम पुणे एफसीच्या अकादमीतून वर आला आणि मोहन बागानपर्यंत पोचला. दोघेही कोल्हापूरचे, दोघांनाही घडण्यासाठी कोल्हापूर सोडावं लागलं. अकादमीचे पुरस्कर्ते म्हणतील की हाच तर पुरावा: निवासी संस्था मिळाली म्हणून ते घडले. खरं आहे. पण त्या संस्थांना ही मुलं सापडली कशामुळे? घरात, गल्लीत, शाळेत फुटबॉलचं वातावरण असलेल्या शहरातून ती आली म्हणून. सांगली, सातारा, सोलापूर या शेजारच्या जिल्ह्यांतून त्याच वाटेने किती गेले, याचा विचार केला म्हणजे निवडीआधीच्या भूमीचं मोल कळतं. त्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्र सरकारने राज्यभर एकाच दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळवण्याचा मोठा उपक्रम केला. हेतू चांगला होता. पण एका दिवशी लाखो मुलं खेळण्यापेक्षा एका शहरात शंभर मुलं वर्षभर दर शनिवारी खेळणं जास्त उपयोगाचं. भारताने त्या विश्वचषकात अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हार पत्करली. निवडक मुलांना वर्षानुवर्षं एकत्र ठेवून, परदेश दौरे घडवून तयार केलेला तो संघ होता. मुलांनी जिवाचं रान केलं, पण समोरच्या मुलांच्या अंगी लहानपणापासूनच्या आठवड्याच्या सामन्यांची जी मुरवणी होती, ती तीन-चार वर्षांच्या शिबिरांनी भरून निघण्यासारखी नव्हती.

वरून बांधत आणलेल्या फुटबॉलचं काय होतं, हे पुण्याने दहा वर्षांपूर्वी दाखवलं. २०१४-१५ च्या सुमारास या एका शहरात चार मोठे व्यावसायिक क्लब होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या पुणे एफसीची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांत गणली जाई, तिने युवा गटात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या सहकार्याने निवासी अकादमी काढली होती. भारत एफसी एक हंगाम खेळून २०१५ मध्ये संपला. त्याच वर्षी पुणे एफसीच्या मालकांनी हात काढून घेतला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. मालक उद्योगसमूह आर्थिक अडचणीत सापडल्यावर शिवाजीयन्सही थांबला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. पाच वर्षांत चारही क्लब नाहीसे झाले. त्यांचा हेतू खोटा होता असं नाही, पैसाही त्यांनी ओतला. पण क्लब एका मालकाच्या ताळेबंदावर उभे होते, त्यांच्याखाली वस्तीचा, शाळांचा, पालकांचा आधार नव्हता. तेवढ्याच काळात कोल्हापुरातली एकही नामवंत तालीम बंद पडली नाही, कारण ती पेठेची आहे. तेव्हा कोल्हापूरकडे मूळ आहे पण मुलांसाठीची उतरंड नाही, पुण्याकडे उतरंडीचं टोक होतं पण मूळ नव्हतं. सांगलीला या दोन्हींपासून शिकता येईल, कारण तिची पाटी अजून कोरी आहे.

मूळ आणि उतरंड दोन्ही जुळली की काय होतं, याचं देशातलं उदाहरण मिझोराम आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत, तर एकट्या सांगली जिल्ह्याची अठ्ठावीस लाखांवर. मिझोराममध्ये २०१२ मध्ये राज्याची स्वतःची लीग सुरू झाली आणि स्थानिक दूरचित्रवाणीवर दिसू लागली. दोनच वर्षांत मिझोरामने संतोष चषक जिंकला आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसी हा छोटा क्लब आय-लीगचा विजेता झाला. त्याच ऐझॉलमध्ये ‘नौपांग लीग’ नावाने लहान मुलांची साखळी चालली, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये देशभरासाठी आणलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’ योजनेमागे अशाच अनुभवाचं बळ होतं. बाहेरचं उदाहरण आइसलँडचं. २०१६ मध्ये तिथली लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्येच पाच लाख माणसं राहत होती. त्या देशाने युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१८ च्या विश्वचषकाला पात्र ठरलेला तोवरचा सर्वांत लहान देश झाला. त्यांनी एकच एक भव्य अकादमी बांधली नाही. हिवाळ्यातही खेळता यावं म्हणून गावोगावी बंदिस्त मैदानं उभारली, शेकडो प्रशिक्षकांना पात्रता परीक्षा घेऊन तयार केलं, आणि अगदी लहान मुलांनाही शिकलेला, पगारी प्रशिक्षक मिळेल अशी व्यवस्था केली. आइसलँडचा अडसर बर्फ होता, आपला पाऊस आणि कृष्णाकाठची काळी माती. जून ते ऑक्टोबर इथली मैदानं चिखलाने भरतात. पण त्यावर छप्पर घालण्याची गरज नाही, वेळापत्रक जुळवलं तरी पुरे.

ते कसं जुळेल? विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधोमध आहे. १९१९ चं विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ चं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही प्रशस्त आवारांच्या संस्था इथे, आसपास शाळांची दाटी, स्वतःचं रेल्वे स्थानक, दोन्ही शहरांकडे जाणारी बससेवा. मुलांच्या साखळीला याहून सोयीची जागा जिल्ह्यात नाही. समजा, बारा वर्षांखालच्या आठ संघांची सात-सात जणांची साखळी काढली. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला तर प्रत्येकाला चौदा सामने मिळतात, एकूण सामने होतात छपन्न. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सतराच्या आसपास शनिवार येतात. दिवाळी आणि सहामाही परीक्षा सोडली तरी चौदा फेऱ्या बसतात. पूर्ण आकाराच्या एका मैदानात आडवी आखणी केली तर सात जणांची दोन मैदानं निघतात, म्हणजे दर शनिवारचे चार सामने एका सकाळी उरकतात. संघात बारा मुलं धरली तर शहाण्णव मुलांना वर्षात चौदा सामन्यांची शाश्वती मिळाली. खर्च कशाचा? आखणीचा चुना, छोटे गोलपोस्ट, चेंडू, पाणी, पंचांचं मानधन. प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळलंच पाहिजे असा नियम केला की बाकावर कुजणं संपतं. संघ करताना वस्तादासारखी जोड पाहिली की थोराड मुलाच्या जोरावर चषक नेण्याचा मोहही कमी होतो. पुढच्या वर्षी दहा वर्षांखालचा गट, त्याच्या पुढे चौदाचा. तीन वर्षांत तीनशे मुलं नियमाने खेळू लागली, की त्यातून निवड या शब्दाला अर्थ येईल.

पहिला आक्षेप जाणकारांचा असेल: प्रशिक्षक नसताना सामने खेळवून काय साधणार, चुकीच्या सवयीच पक्क्या होणार. यात तथ्य आहे. उभ्या-उभ्या ओरडणारा शिक्षक आणि फुटबॉल समजणारा प्रशिक्षक यांत फरक असतोच. पण प्रशिक्षक तयार होण्यासाठीही सामने लागतात. महासंघाच्या परवान्यांची डी, सी, बी, ए अशी चढती श्रेणी आहे. आज सांगलीतल्या तरुणाने डी परवाना काढला तर तो वापरायचा कुठे? साखळी असेल तर आठ संघांना आठ प्रशिक्षक लागतात, कामाला मागणी येते, आणि मागणी आली की शिकण्याला कारण मिळतं. जिल्हा संघटनेने पहिल्या वर्षापुरती सवलत द्यावी आणि दुसऱ्या वर्षापासून परवानाधारक प्रशिक्षकाशिवाय संघाला प्रवेश नाही असं ठरवावं. पंचांचंही तसंच. महाविद्यालयात खेळून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पंच म्हणून मानधन मिळालं, तर खेळाशी त्यांचं नातं तुटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरोखर असामान्य मुलाला गावच्या साखळीत अडकवून ठेवायचं का? तेरा-चौदानंतर त्याला बरोबरीचे प्रतिस्पर्धी, आहारतज्ज्ञ, फिजिओ लागतात. ते विश्रामबागेत कुठून येणार? माझं उत्तर असं की त्याला अडवू नये, पाठवावं. क्रीडा प्रबोधिनी आहे, नवी मुंबईत २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, राज्य सरकारने बायर्न म्युनिकशी करार करून चौदा वर्षांखालच्या मुलांमधून निवड सुरू केली. या वाटा उपयोगी आहेत आणि वाढल्या पाहिजेत. पण एका दिवसाच्या निवड-चाचणीत जिल्ह्यातून कोण निवडला जाईल? त्या दिवशी जो थोराड आहे, धावायला वेगवान आहे, तोच. त्याऐवजी चौदा सामन्यांची नोंद हातात घेऊन प्रशिक्षकाने सांगितलं, की हा बारीक मुलगा चेंडू येण्याआधी मान वळवतो, याच्यावर नजर ठेवा, तर निवड शहाणी होईल. साखळी ही उच्च अकादमीची स्पर्धक नाही, तिची आधीची पायरी आहे. शिवाय दहाव्या-अकराव्या वर्षी घर सोडायला लावणं कितपत योग्य, हाही प्रश्न आहे. जगातल्या श्रीमंत अकादम्यांतूनही बहुतेक मुलं व्यावसायिक न होताच बाहेर पडतात. ज्या मुलाने बालपण, शाळा आणि आईवडिलांचा सहवास त्यासाठी मोजला, त्याच्या हाती सोळाव्या वर्षी काय उरतं याची जबाबदारी कुणी घेत नाही. घराजवळ खेळणाऱ्या मुलाला अशी किंमत मोजावी लागत नाही. तो व्यावसायिक झाला नाही तरी त्याची शाळा चालूच असते.

तिसरा आक्षेप पालकांचा: फुटबॉलमध्ये भवितव्य काय? देशाची सर्वोच्च लीगच डळमळीत. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूही होऊ शकला नाही. हा आक्षेप नाकारता येत नाही, पण तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. वरचा मजला डळमळतो तेव्हा वरच्या पैशावर उभ्या अकादम्या आधी कोसळतात, हे पुण्यात दिसलं आहे. शंभर घरांच्या वर्गणीवर आणि शाळांच्या मैदानांवर चालणाऱ्या साखळीला मुंबई-दिल्लीतल्या करारांची झळ लागत नाही. ती मुळात व्यावसायिक खेळाडू घडवण्याचं आश्वासन देत नाही. घडले तर लाभही आहे: जागतिक महासंघाच्या नियमानुसार खेळाडूला पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबने घेतलं, तर त्या रकमेतला पाच टक्के वाटा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. त्यासाठी मुलांची रीतसर नोंदणी मात्र वेळेत हवी. आणि आठवड्यातली एक सकाळ अभ्यासाची शत्रू आहे असं मानायचं असेल, तर शिकवणीच्या दोन पाळ्यांनी काय साधलं याचाही हिशेब मांडावा लागेल.

शेवटी एक पुरावा सांगलीतलाच. माधवनगरात वाढलेली क्रिकेटपटू स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या संघात निवडली गेली. २०१३ मध्ये तिने राज्याकडून एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. तिची प्रतिभा अलौकिक, घरच्यांचे कष्ट मोठे. पण मुलींच्या क्रिकेटला तेव्हा फारसं वलय नसतानाही वयोगटांचे राज्य संघ आणि त्यांचे सामने अस्तित्वात होते, म्हणून सांगलीत राहून तिला पायऱ्या चढता आल्या. त्या पायऱ्या नसत्या तर ती प्रतिभा घराच्या गच्चीवरच राहिली असती. फुटबॉल खेळू पाहणाऱ्या सांगलीच्या मुलीला आज ही पायरी शोधावी लागते. बारा वर्षांखालच्या साखळीत मुलंमुली एकत्र खेळू शकतात, कारण त्या वयात मुलीच अनेकदा उंच आणि दणकट असतात. म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी.

अकादमीला माझा विरोध नाही. विरोध क्रमाला आहे. दहा वर्षं साखळी चालली की अकादमी काढणाऱ्याला मुलं, प्रशिक्षक, पंच आणि जाणता प्रेक्षक आयता मिळेल. आधी अकादमी काढून मग साखळी उभी राहिल्याचं उदाहरण मात्र आपल्या राज्यात दाखवता येत नाही. तोवर एक साधी पद्धत पाडता येईल. जिल्हा संघटनेने दर एप्रिलमध्ये एकच आकडा जाहीर करावा: गेल्या वर्षात जिल्ह्यातल्या बारा वर्षांच्या मुलाला सरासरी किती सामने खेळायला मिळाले. अकादमीत मुलाचं नाव घालणाऱ्या पालकांनीही गणवेश, टर्फ आणि भिंतीवरची परदेशी क्लबची चित्रं पाहण्याआधी हाच आकडा विचारावा. तो दहाच्या खाली असेल, तर ते पैसे शिकवणीसाठी दिले आहेत, फुटबॉलसाठी नाही, असं समजावं.